अर्ज पेंडिंग आहे ना? मग तिकीट काढू नका

यूकेच्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनसाठी किंवा आयएलआरसाठी (म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी) आमच्या इमिग्रेशन सल्ल्याच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला हा कागद देतो. फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय, तरी दर वर्षी गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी तेच होतं. सीओएस म्हणजे मालकाने दिलेलं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, स्पॉन्सर म्हणजे तो मालक, सरचार्ज म्हणजे अर्जाबरोबर भरायचे सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, एवढं तुम्हाला माहिती आहे असं धरून लिहितोय. माहिती नसेल तर शनिवारी सकाळी या, पहिल्या भेटीचे पैसे लागत नाहीत.

मुद्दा असा आहे. यूकेमध्ये राहून तुम्ही व्हिसाचा अर्ज केलात, एक्स्टेन्शन असो, स्विच (एका प्रकारच्या व्हिसावरून दुसऱ्यावर जाणं) असो, आयएलआर असो, आणि निकाल यायच्या आधी तुम्ही भारतात गेलात, तर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) तुमचा अर्ज मागे घेतला असं धरतं. नाकारला नाही, मागे घेतला. म्हणजे अपील नाही, रिव्ह्यू नाही, आणि जायच्या आधी कुणी अडवतही नाही. हीथ्रोवरून तुम्ही आरामात बाहेर पडता, कळतं ते परत येताना. आणि फक्त भारतच नाही बरं का, शेंगेन व्हिसा आहे म्हणून वीकेंडला युरोस्टारने पॅरिसला गेलात तरी तेच. आयर्लंडचं गणित थोडं वेगळं आहे आणि जास्त किचकट आहे, तिकडे जायचं असेल तर आधी विचारा.

"पण पासपोर्ट तर माझ्याकडेच आहे"

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता दारावर लिहून ठेवावं म्हणतो. गोंधळ इथूनच सुरू होतो. पूर्वी अर्जाबरोबर पासपोर्ट होम ऑफिसला जायचा आणि महिनोन्महिने तिकडेच पडून राहायचा, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. आता व्हिसा सेंटरवर बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात, पासपोर्ट स्कॅन करतात आणि पाच मिनिटात तुमच्या हातात परत देतात. काही जणांना तर सेंटरलाही जावं लागत नाही, फोनच्या ॲपवरच काम होतं. पासपोर्ट खिशात असला की माणसाला वाटतं आपण मोकळे. पासपोर्ट तुमच्याकडे असणं आणि तुम्हाला जायची मुभा असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, लोक म्हणतात जुना व्हिसा संपला तरी मी कामावर जातोय, पगार होतोय, म्हणजे माझा व्हिसा चालूच आहे. बरोबर आहे, पण तो चालू आहे 1971 च्या इमिग्रेशन ॲक्टच्या 3सी कलमामुळे, म्हणजे तुम्ही वेळेत अर्ज केलात म्हणून निकाल येईपर्यंत जुनेच हक्क पुढे चालतात. हे संरक्षण तुम्ही यूकेत असेपर्यंतच असतं. देश सोडला की संपलं, आणि परत आलात म्हणून ते पुन्हा सुरू होत नाही.

तुमचा जुना व्हिसा अजून चांगला चार-पाच महिने शिल्लक असेल तर एवढं आभाळ कोसळत नाही, अर्ज जाईल, फी जाईल, पण जुन्या व्हिसावर परत येऊन नवीन अर्ज करता येईल. जुना व्हिसा संपलेला असेल किंवा तुम्ही भारतात असताना संपणार असेल, तर मात्र परत यायला दार नाही.

आता हे जास्त महाग का पडतं

पूर्वी ही चूक म्हणजे पैसे आणि वेळ. ठसे दिल्यानंतर अर्जाची फी परत मिळत नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये आयएलआरची फी माणशी 3,029 पौंड झाली होती, ती गेली म्हणजे गेली. हेल्थ सरचार्ज परत मिळतो, पण तो येईपर्यंत नव्या अर्जासाठी पुन्हा भरावा लागतो. नवरा-बायको आणि दोन मुलं धरा, मोठ्यांचे वर्षाला 1,035, मुलांचे 776, तीन वर्षांचे झाले 10,866 पौंड. एवढे पैसे दोनदा उभे करणारं घर आम्ही तरी क्वचितच पाहिलंय.

आता त्याहून वाईट झालंय ते असं की अर्ज बाद झाला की तुम्हाला लागू असलेला जुना नियमही जातो. मे 2025 मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्करचं, म्हणजे नोकरीवरच्या व्हिसाचं, कामच बदलून टाकलं. साधारण पगाराची अट 38,700 वरून 41,700 पौंडांवर गेली, नोकरी पदवीच्या पातळीची हवी झाली, केअर वर्करची बाहेरून भरती बंद झाली. जे आधीपासून स्किल्ड वर्कर आहेत आणि ज्यांच्या व्हिसात मध्ये खंड पडलेला नाही, त्यांना जुन्या पातळीच्या कामावर इथेच एक्स्टेन्शन मिळायची सोय ठेवलीय. ह्या वाक्यातला "खंड पडलेला नाही" हा भाग कुणी वाचतच नाही.

गेल्या वर्षी एक शेफ आमच्याकडे आले, म्हणजे फोनवर आले, कारण ते मुंबईत होते. ऑगस्ट 2025 च्या मध्यावर त्यांनी एक्स्टेन्शनचा अर्ज स्वतःच भरला होता, अगदी व्यवस्थित, कागदपत्रांत एक चूक नाही. व्हिसा महिनाअखेरीला संपत होता. 27 तारखेला गणपती, घरचा गणपती, म्हणून ते 24 ला निघाले, विसर्जन करून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत यायचं म्हणून मुंबई विमानतळाच्या टी2 टर्मिनलवर चेक-इनला उभे राहिले, काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट दोनदा स्वाइप केला, मग सुपरवायझरला बोलावलं आणि सांगितलं की सिस्टिममध्ये परमिशन नाही, बोर्डिंग देता येत नाही. त्यांनी आम्हाला काउंटरवरूनच फोन केला, मागे ट्रॉलीवर मोदकाचं पीठ आणि दोन बॅगा. आम्ही काय करणार? शेफचं काम आता नव्या अर्जाला चालत नाही. इथे राहिले असते तर जुन्या सोयीने एक्स्टेन्शन मिळालं असतं, मुंबईतून नवीन अर्ज करायचा तर ती नोकरीच व्हिसा मिळणाऱ्या नोकऱ्यांच्या यादीत नाही. मालक चांगला होता, थांबायला तयार होता, पण थांबून उपयोग नव्हता.

आयएलआरवाल्यांनी हे जरा नीट वाचा. 20 नोव्हेंबर 2025 ला सरकारने सेटलमेंटचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, नवा प्रस्ताव मांडला, पाच वर्षांच्या जागी साधारण दहा वर्षं, पदवीच्या खालच्या पातळीच्या नोकरीत असाल तर पंधरा, ब्रिटिश नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला मात्र पाचच. लोकांची मतं मागवायची मुदत 12 फेब्रुवारी 2026 पर्यंत होती. तेव्हापासून रोज फोन, "आमचं काय होणार?" त्यातले अर्धे लोक घाईघाईने आयएलआर टाकतात आणि टाकल्याचा आनंद म्हणून लगेच भारताचं तिकीट बघतात! अहो, पाच वर्षं मोजून, लाइफ इन द यूकेची परीक्षा पास होऊन, वर्षं पूर्ण व्हायच्या बरोबर 28 दिवस आधी अर्ज टाकला, आणि निकालाच्या आधी गावाला गेलात तर तो अर्ज संपला, पुढचा अर्ज टाकाल तेव्हा कुठला नियम असेल ते तेव्हाचं तेव्हा. साधा आयएलआर निकालाला सहा महिनेही घेऊ शकतो, त्यामुळे "दोन आठवड्यात काय होतंय" हा हिशोब धरू नका.

मग कसं करायचं

सगळ्यात सोपं म्हणजे आधी जाऊन या, मग अर्ज करा. किंवा आधी अर्ज करा, निकाल हातात घ्या, मग तिकीट काढा. 2026 मध्ये गणपती 14 सप्टेंबरला आहेत आणि दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्यांचा व्हिसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपतोय त्यांनी एचआरला आत्ताच सीओएसचं विचारा आणि जूनमध्येच आमच्याकडे या, ऑगस्टमध्ये येऊन "काहीतरी करा" म्हणू नका.

घाई असेल तर सुपर प्रायॉरिटी आहे, होम ऑफिसचे माणशी 1,000 पौंड जादा, ठसे दिल्यावर साधारण पुढच्याच कामाच्या दिवशी निकाल. त्याच्यावर आम्ही वेगळी फी लावत नाही, बाकीचे काय करतात ते तुम्ही विचारून बघा. पण सुपर प्रायॉरिटी घेतली तरी केस गुंतागुंतीची निघाली तर ते जास्त वेळ घेऊ शकतात, म्हणून निकालाच्या आधी तिकीट नको ते नकोच. आणि हे अर्ज सबमिट करतानाच ठरवायचं असतं, नंतर बघू म्हणून सोडू नका.

घरी कुणी आजारी पडलं, तर प्रश्नच वेगळा, तिथे आम्ही "जाऊ नका" म्हणणारे कोण. फक्त निघायच्या आधी एक फोन करा, रात्री केलात तरी चालेल. होम ऑफिसकडे लवकर निकालाची विनंती टाकता येते, हमी नसते पण हॉस्पिटलचे कागद असतील तर प्रयत्न करतो, आणि नाहीच झालं तर निदान परत कसं यायचं हे जायच्या आधी ठरवता येतं. सिटिझनशिपचा अर्ज पेंडिंग असेल तर बिनधास्त जा, त्याला हा नियम लागू नाही.

आता आमच्यावरचा राग. सबमिटचं बटण दाबायच्या आधी आम्ही तुमच्याकडून लिहून घेतो की पुढच्या काही महिन्यांत बाहेर जायचं तिकीट काढलेलं नाही, आणि बायकोचं, मुलांचंही विचारतो, कारण मुख्य अर्ज बाद झाला की डिपेंडंटचे अर्जही त्याच्याबरोबर जातात. काही जणांना हे पोलीस चौकशीसारखं वाटतं, एका काकूंनी तर तोंडावर सांगितलं की पैसे घेता आणि वर सही मागता. घेतोच. कारण "एचआर म्हणाली चालतं" असं सांगून गेलेली माणसं पुन्हा आमच्याच दारात येतात. एचआरला स्पॉन्सरशिप कळते, तुमचा प्रवास त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

ई-व्हिसा, पटकन

व्हिसाची कार्डं गेली, सगळं आता ऑनलाइन खात्यात आहे. पासपोर्ट नवीन काढलात की त्याच दिवशी यूकेव्हीआयच्या (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात नवा नंबर टाका, नाहीतर एअरलाइनच्या सिस्टिमला तुम्ही दिसणार नाही. आणि खात्याला युनिव्हर्सिटीचा ईमेल लावला असेल तर आजच बदला, पास आऊट झाल्यावर तो ईमेल बंद होतो आणि मग लॉगिनचा कोड जातो कुठे तर बंद पडलेल्या इनबॉक्समध्ये. शेअर कोड (तुमचा व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड) 90 दिवस चालतो, घरमालकाला जुना पाठवून "चालत नाहीये" असा फोन आम्हाला करू नका. हे काम आम्ही आमच्या जुन्या ग्राहकांना फुकट करून देतो, लॅपटॉप घेऊन या.

स्टुडंट्ससाठी एवढंच की 1 जानेवारी 2027 पासून ग्रॅज्युएट व्हिसाचा (शिक्षण संपल्यावर यूकेत थांबायच्या व्हिसाचा) अर्ज केलात तर दोन वर्षांऐवजी दीड वर्ष मिळेल, पीएचडीवाल्यांचे तीन तसेच आहेत. स्किल्ड वर्करमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांना 8 जानेवारी 2026 पासून इंग्रजीची बी2 पातळी लागते, त्याखालची बी1 चालत नाही.

"मग असायलम टाकून देऊ का?"

हा प्रश्न हल्ली कुजबुजत विचारला जातो, बहुतेक वेळा कुणा चुलतभावाच्या नावाने. व्हिसा संपतोय, नोकरी नाही, कुणीतरी व्हॉट्सॲपवर सांगितलंय की असायलमचा (मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आश्रय मागायचा) अर्ज टाकला की दोन वर्षं तरी निघतात. आम्ही हे करत नाही, असायलम आमच्या परवान्यात बसतही नाही, आणि बसलं असतं तरी खोटी गोष्ट लिहून दिली नसती. 2024 मध्ये भारत ब्रिटनच्या सुरक्षित देशांच्या यादीत गेला. पहिले बारा महिने काम करायची परवानगी मागताही येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने जे जाहीर केलं त्यात मान्य झालेल्या माणसालाही एका वेळी अडीच वर्षं आणि सेटलमेंटला वीस वर्षं असं आहे. ह्यात "दोन वर्षं काढायचा" फायदा कुठे दिसतो ते आम्हाला तरी कळत नाही.

खरंच कुणाच्या जिवाला धोका असेल, घरच्यांकडून असो की आणखी कुणाकडून, तर तो त्यांचा हक्क आहे आणि उशीर करू नये. अशा माणसाला आम्ही लीगल एड (सरकारी खर्चाने वकिलाची मदत) घेणाऱ्या सॉलिसिटरचं नाव देतो, त्याचे पैसे घेत नाही आणि कुणाला सांगतही नाही.

जाता जाता, यूकेत परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे. सल्लागारांची नोंद पूर्वी ओआयएससीकडे असायची, जानेवारी 2025 पासून त्याच ऑफिसचं नाव इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी आहे. आमचं सर्टिफिकेट काउंटरच्या मागे भिंतीवर लावलंय, नंबर सरकारी यादीत टाकून बघा, वाईट वाटणार नाही. तुमच्या ग्रुपमधल्या त्या "सगळं माहिती असलेल्या" दादांचाही बघा.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि गेल्या पाच वर्षांत कधी कधी बाहेर गेलात त्याच्या तारखा लिहून आणा, आठवत नसतील तर ईमेलमध्ये तिकिटं शोधा, आम्हाला बसून शोधायला लावलंत तर तासाचे पैसे लागतात. आणि पुढचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर लपवू नका, तेही घेऊन या, तारीख बदलून मिळते का ते अर्ज भरायच्या आधी बघू.