सौर भूअभियांत्रिकीची परिदृश्ये आणि सातारा-सांगलीचा पाऊस

सौर भूअभियांत्रिकीची परिदृश्ये म्हणजे सूर्यप्रकाशाचा थोडा भाग मुद्दाम अवकाशात परतवून पृथ्वी थंड ठेवायची ठरवली तर पुढे काय होईल, हे हवामान मॉडेलवर तपासण्यासाठी आखलेली गृहीत भविष्ये. परतवण्याचे काम बहुधा उंच हवेत सोडलेल्या सल्फर डायऑक्साइड वायूपासून बनणारे सूक्ष्मकण करतात. हा वायू किती सोडायचा, कोणत्या अक्षांशावर, कोणत्या वर्षापासून आणि थांबायचे कधी, हे आधी माणसाने ठरवावे लागते. मॉडेल फक्त त्याचे परिणाम मांडते. म्हणून परिदृश्याला अंदाज समजणे चूक आहे.

कल्पनेला आधार ज्वालामुखीचा. जून १९९१ मध्ये फिलिपाईन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, गेला आणि पुढच्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी १९७० च्या दशकातच असा उपाय सुचवला होता. त्यावर गंभीर चर्चा मात्र नोबेल विजेते पॉल क्रुट्झेन यांच्या २००६ मधील लेखानंतर सुरू झाली.

प्रत्येक गट आपापले गणित मांडू लागला की निकालांची तुलना होत नाही. ही अडचण ओळखून ‘जिओमिप’ या अनेक मॉडेल-गटांच्या सामायिक प्रकल्पाने सर्वांना एकच प्रयोग आखून दिले. त्यातल्या ‘जी-१’ मध्ये कार्बन डायऑक्साइड एकदम चौपट करून त्याची तापमानवाढ भरून निघेल एवढा सूर्यप्रकाश मंद केला जातो. असे प्रत्यक्षात कधी घडणार नाही, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली: तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीवर आणले तरी जागतिक पाऊस सुमारे साडेचार टक्क्यांनी घटतो. ऊन कमी झाले की बाष्पीभवन कमी होते, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड हवेतच उष्णता धरून पावसाचे चक्र आणखी मंदावतो. नंतरची परिदृश्ये अधिक वास्तव होत गेली. २०१८ च्या ‘ग्लेन्स’ या मॉडेल-प्रयोगमालेत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना १५ आणि ३० अंशांवर सल्फर सोडला आणि तापमान बघून दरवर्षी मात्रा बदलली. २०२२ मध्ये मांडलेल्या ‘अराईज’ या तशाच मालेत हरितवायूंचे मध्यम उत्सर्जन धरून २०३५ पासून तापमानवाढ १.५ अंशावर रोखलेली आहे.

मॉन्सूनच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मुद्दा गोलार्धाचा आहे. सल्फर फक्त उत्तर गोलार्धात सोडला, तर तो भाग जास्त थंड होऊन विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि भारतातला पाऊस कमजोर पडतो. दोन्ही गोलार्धांत तोलून सोडला, तर हे सरकणे बरेच टळते. म्हणजे एखाद्या देशाने एकट्याने घेतलेला निर्णय माणदेशातल्या बाजरीपर्यंत पोहोचू शकतो, आणि त्या निर्णयात माणदेशाला विचारणारे कोणी नसेल. परिदृश्य आखण्यात भारतीय संशोधकांचा वाटा असणे म्हणूनच निकडीचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदसामी बाला यांचे काम याच विषयावर अनेक वर्षे चालू आहे.

सातारा-सांगलीपुरते पाहिले तर खरी अडचण चौकटींच्या आकाराची. मॉडेल पृथ्वीचे चौकटींत तुकडे करते आणि प्रत्येक चौकटीला पावसाचा एकच आकडा देते. ‘ग्लेन्स’ची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. एवढा उतार अशा चौकटीत सपाट होऊन जातो. घाटमाथा, पर्जन्यछाया, कोयनेचे पाणलोट, सगळे एकाच सरासरीत मिसळते. जगाच्या नकाशावर जत आणि आटपाडीच्या रंगछटेवरून काही ठरवू नये, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

शिवाय इथे वार्षिक बेरजेपेक्षा पावसाची वेळ मोठी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याकडे डोळे लावून असतो. परतीचा पाऊस हुकला की शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी अडते. परिदृश्याचा निकाल इथे उपयोगी पडायचा तर त्याला जूनमधली सुरुवात, मधला खंड, आठवड्याची अतिवृष्टी आणि सप्टेंबरचा पाऊस वेगवेगळे दाखवावे लागतील. त्यासाठी बारीक चौकटींची प्रादेशिक मॉडेल आणि प्रत्यक्ष नोंदी हव्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वर येथील ढग-भौतिकी प्रयोगशाळा ढग, पाऊस आणि हवेतील सूक्ष्मकणांची मोजमापे घेते. अशा मोजमापांवर मॉडेलमधले घाटावरचे ढग तपासून पाहता येतात.

‘अचानक थांबणे’ हे परिदृश्यही वेगळे अभ्यासले जाते. हरितवायू वाढतच राहिले आणि सल्फर सोडणे युद्धामुळे किंवा पैशाअभावी बंद पडले, तर दाबून ठेवलेली तापमानवाढ एकदोन दशकांतच उसळते. समुद्राचे आम्लीकरण तर सल्फर चालू असतानाही थांबत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच असतो.