चिकटलेली वार : सोनोग्राफीवरून शस्त्रक्रियेचा अंदाज

प्रसूतीनंतर आपोआप सुटणारी वार गर्भाशयाच्या स्नायूला घट्ट धरून बसते, त्या अवस्थेला प्लासेंटा ॲक्रिटा म्हणतात. वार स्नायूत खोल शिरली तर इन्क्रिटा आणि भिंत भेदून मूत्राशयाकडे गेली तर पर्क्रिटा. आधीचे सिझर आणि आता वार खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी, हे दोन्ही एकत्र आले की संशय घ्यायलाच हवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एक सिझर झालेल्यांत सुमारे ११, दोन झालेल्यांत ४० आणि तीन झालेल्यांत ६१ टक्के जणींची वार चिकटलेली निघाली.

तपासणीसाठी मूत्राशय थोडे भरलेले लागते. पुण्यातल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बाटलीतले पाणी पीत थांबलेली गर्भवती दिसते, ती कधीकधी याचसाठी. मूत्राशय रिकामे असेल तर त्याच्या भिंतीची पांढरी रेघ अखंड आहे की तुटक, हे नीट कळत नाही. याशिवाय वारेमागची काळी पट्टी नाहीशी होणे आणि वारेत रक्ताची वेडीवाकडी तळी दिसणे, याही खुणा पाहतात.

निदान झाले तरी सर्जनचा खरा प्रश्न उरतोच: किती रक्त जाईल, मूत्राशय वाचेल का? यासाठी २०१९ मध्ये पीएएस (प्लासेंटा ॲक्रिटा स्पेक्ट्रम, म्हणजे चिकटलेल्या वारेचे सगळे प्रकार) ० ते ३ अशी प्रतवारी मांडली गेली. वरच्या तीन खुणांपैकी किमान दोन असल्या तर १. त्यांच्या जोडीला गर्भाशय व मूत्राशय यांच्यामध्ये कलर डॉप्लरवर (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तवाहिन्यांची गर्दी दिसली तर २. ही गर्दी गर्भाशयाच्या अगदी खालच्या भागात, बाजूच्या ऊतींकडे पसरलेली असेल तर ३. प्रत वाढते तसा रक्तस्राव, लघवीच्या मार्गाला इजा होण्याचा धोका आणि शस्त्रक्रियेचा वेळही वाढतो. तिसऱ्या प्रतीत मूत्रवाहिनी शेजारीच असते, त्यामुळे युरॉलॉजिस्ट आधीपासून थिएटरमध्ये असलेला बरा. ऐनवेळी फोन करून उपयोग नाही.

मागच्या भिंतीवरची वार मात्र सोनोग्राफीला सहज चकवते. तिथे एमआरआयची मदत घेतात. शिवाय तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर बरेच अवलंबून असते. आधी सिझर झालेले असूनही रिपोर्टात फक्त ‘वार खाली’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो अपुराच म्हणायचा.

प्रसूती साधारण ३४ ते ३६ आठवड्यांदरम्यान ठरवून करतात. म्हणून जुन्नर किंवा भोरकडच्या स्त्रीला त्याआधीच, ससूनसारख्या रक्तपेढी व आयसीयू असलेल्या रुग्णालयात पाठवणे श्रेयस्कर.