रडवणारा सिनेमा आणि टिकणारा सिनेमा, एकच समजू नका प्लीज

रोमँटिक क्लासिक कुठला असं विचारलं की लोक सरळ ज्या सिनेमाने सगळ्यात जास्त रडवलं त्याचं नाव सांगतात, आणि मग जितके अश्रू तितका सिनेमा मोठा असा हिशोब सुरू होतो. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

रडवणारा सिनेमा तुम्हाला चांगलाच माहितीये. दोघं भेटतात, सगळं छान चाललेलं असतं, मग आजार किंवा अपघात किंवा चुकलेलं पत्र, मागे व्हायोलिन, आपण रुमाल शोधतो. मीही रडते, त्यात काही वाईट नाही.

किरकोळ गोंधळ पटकन बाजूला करते. जुना आहे म्हणून क्लासिक, असं नसतं, जुने टुकार सिनेमे ढिगाने आहेत. शेवट दुःखीच पाहिजे असंही नाही, 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) चक्क गोड शेवटाचा आहे आणि सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर एकत्र मिळवणारा तो पहिला सिनेमा. आणि 'केमिस्ट्री' हा शब्द तर मला अजिबात आवडत नाही, सिनेमा का आवडला हे सांगायचा कंटाळा आला की लोक तो वापरतात.

आता खरा मुद्दा. रडवणाऱ्या सिनेमात ताटातूट घडते, टिकणाऱ्यात ती कोणीतरी ठरवतं. आणि ठरवताना दुसरा रस्ता खराखुरा उघडा असतो, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दार आधीच बंद असेल तर ठरवण्यासारखं काही उरतच नाही.

'रोमन हॉलिडे' (१९५३) घ्या. राजकन्या आणि पत्रकार, एक दिवस रोममध्ये, शेवटी वेगळे होतात, आणि लोक म्हणतात बिचारे, परिस्थितीच तशी होती. अहो नाही! तिला परत न्यायला आलेल्या माणसांच्या हातातून ती नदीकाठच्या मारामारीत निसटलेली असते, रात्री परत जाते ती स्वतःच्या पायाने, आणि राजदूत कर्तव्याची आठवण करून द्यायला लागतो तेव्हा ती त्याला सुनावते की कर्तव्य कळत नसतं तर मी आज रात्री परत आलेच नसते. सकाळची अल्लड मुलगी आणि ही बाई यांच्यात एका दिवसाचं अंतर आहे, ऑड्री हेपबर्नने ते नुसत्या आवाजात दाखवलंय. तिकडे त्याच्या हातात ५,००० डॉलरची बातमी असते, तो ती सोडून देतो. दोघांनीही किंमत मोजलेली असते आणि दोघांनाही ते माहीत असतं, म्हणून शेवटच्या पत्रकार परिषदेत चारचौघांसमोर ते जे साधं औपचारिक बोलतात त्यातला प्रत्येक शब्द जड होतो. मग दिग्दर्शक विल्यम वायलर पत्रकार झालेल्या ग्रेगरी पेकला त्या रिकाम्या दालनात एकटाच बाहेर चालत जाऊ देतो, आणि माहीत असूनही मी दर वेळी मागच्या दाराकडे बघते.

इथे कोणीतरी 'ॲन अफेअर टू रिमेंबर' (१९५७) काढणारच, की त्यात तर अपघातच आहे, नायिका ठरल्याप्रमाणे एम्पायर स्टेट बिल्डिंगला नायकाला भेटायला निघते आणि गाडी धडकते. बरोबर, पण नीट आठवून बघा, तुमच्या लक्षात अपघात राहिलाय का? लक्षात राहतो तो शेवटचा सीन, ती सोफ्यावर, पायांवर पांघरूण, आणि आपल्याला चालता येत नाही हे ती त्याला सांगत नाही. हे न सांगणं तिने ठरवलेलं आहे. ती भेटायला आलीच नाही म्हणून तो रागात, टोमणे मारत बोलतो, मग त्याने काढलेलं चित्र एका बाईला कसं देऊन टाकलं ते सांगता सांगता मध्येच थांबतो, आतल्या खोलीत जातो, आणि चित्र तिथे भिंतीवर. अपघात फक्त गोष्ट तिथपर्यंत आणून सोडतो, पुढचं सगळं तिच्या अभिमानावर उभं आहे.

याचा दुसऱ्यांदा बघण्याशी थेट संबंध आहे. घडलेली गोष्ट एकदा कळली की धक्का संपतो. ठरवलेली गोष्ट मात्र दर वेळी पुन्हा ठरवली जाताना बघावी लागते. डेव्हिड लीनच्या 'ब्रीफ एन्काउंटर'मध्ये (१९४५) तर हे सिनेमाच्या रचनेतच आहे, म्हणून माझ्या मते या प्रकारातला तो सगळ्यात मोठा, वाद घालायचा तर खुशाल घाला. सिनेमा सुरू होतो तोच निरोपाने, पण आपल्याला ते कळतच नाही. स्टेशनवरच्या उपाहारगृहात काउंटरवाल्यांच्या गप्पा चाललेल्या, कोपऱ्यातल्या टेबलावर दोन मध्यमवयीन माणसं, तेवढ्यात बाईच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन बसते. त्याच्या गाडीची वेळ होते, तो उठतो, जाताना तिच्या खांद्यावर जरासा हात ठेवतो, बस. बडबडी बाई चॉकलेट घ्यायला काउंटरला जाते, वळून बघते तर मैत्रीण जागेवर नाही, एक्स्प्रेस धडधडत जाते, मैत्रीण परत येते. आपण म्हणतो असेल काहीतरी.

मग सगळी गोष्ट कळते. दोघांची आपापली लग्नं झालेली, मुलंबाळं असलेली माणसं एकमेकांच्या प्रेमात पडलेली, कोणी वाईट नाही, तिचा नवरा तर मुळीच नाही, आणि आता हे थांबवायचं असं दोघांनी मिळून ठरवलेलं. तो नोकरीसाठी आफ्रिकेला निघालाय. शेवटी तोच सीन पुन्हा येतो, तेच टेबल, तीच बडबड, खांद्यावर तोच हात. यावेळी कॅमेरा चॉकलेटकडे जात नाही, तिच्यासोबत प्लॅटफॉर्मवर धावत जातो, रुळांच्या अगदी कडेपर्यंत, आणि एक्स्प्रेसच्या खिडक्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहतो.