पार्श्वभूमी : घाबरणाऱ्या नायकाची मराठी कादंबरी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात 'प्रेरणादायी' म्हणून पुस्तकं मागितली की कादंबऱ्या, चरित्रं, आत्मकथनं, भाषांतरं आणि यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं सगळी एकत्रच समोर येतात. विक्रेत्याला त्यात वावगं वाटत नाही, गिऱ्हाइकालाही नाही. पण स्वतःच्या भीतीशी झगडणाऱ्या माणसाची कादंबरी मराठीत आली कुठून, हे पाहायचं तर हा ढीग थोडा उपसावा लागतो.

जुना काळ पटकन उरकता येईल. मराठी कादंबरीची सुरुवात १८५७ साली विधवांच्या हालांपासून झाली. १८९० मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः छापायला लागलेल्या 'पण लक्षात कोण घेतो'ची नायिका आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते. त्या काळी हेच केवढं तरी धाडस होतं. पण शेवटी केशवपन आणि मरण तिला चुकत नाही. तिच्या धीराचं फळ तिला मिळत नाही. मिळालंच तर वाचणाऱ्यांना. त्यानंतर तीनचार दशकं ध्येयवादी नायकांनी व्यापली. हे नायक गरिबीत राहतात, प्रेमाचा त्याग करतात, लांबलचक बोलतात. घाबरत मात्र नाहीत. भीतीच नाही, तर तिच्यावर मात कसली करणार?

पहिला खराखुरा भित्रा नायक आला तो तुरुंगातून. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झालेली आणि १९३५ मध्ये छापलेली 'श्यामची आई' लोकांनी मायेचं पुस्तक म्हणून डोक्यावर घेतली. त्यातलं पोहण्याचं प्रकरण मात्र वेगळ्या नजरेने वाचण्यासारखं आहे. पोहायला शिकायचं म्हटल्यावर श्याम माळ्यावर दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर धाडते. तिथे त्याला पाण्यात ढकलतात आणि तो तरतो. घरी आल्यावर तीच आई त्याच्या वळांना तेल लावते. माझ्या पोराला जगाने भित्रा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं. आजच्या पालकांना हा प्रसंग झेपत नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी एक गोष्ट टिपून ठेवावी : श्यामची भीती श्यामच्या मनात विरघळलेली नाही, ती दुसऱ्या कुणी तरी बाहेरून मोडून काढलेली आहे. १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि पुस्तक घरोघरी गेलं, पण लोकांच्या डोळ्यांत राहिले ते आईचे अश्रू. विहीर मागे पडली.

साठच्या दशकात भित्र्या नायकाला जागाच उरली नाही. 'स्वामी' १९६२, 'मृत्युंजय' १९६७, 'श्रीमान योगी' १९६८. लग्नामुंजीत भेट म्हणून देण्याची, वाचनालयात नंबर लावून वाचण्याची पुस्तकं ती हीच. शौर्य होतं, पण ते पेशव्यांचं, कर्णाचं, छत्रपतींचं. शाळेत हात वर करायला घाबरणाऱ्या पोराला त्यात स्वतःचं तोंड दिसणं अवघड होतं. मुलांसाठी १९७४ पासून पुस्तकरूपात आलेला फुरसुंगीचा फास्टर फेणे खराच लाडका, पण त्याच्या 'ट्टॉक'मध्ये घाबरण्याला वावच नाही. सायकलवर टांग मारायची की चोर पकडायचा. धाडसी पोर आणि धीट झालेलं पोर यांत फरक आहे, आणि मराठी बालसाहित्याने बराच काळ पहिल्यावरच भागवलं.

खरा पालट झाला १९७८ ते १९९० या बारा वर्षांत, आणि तो कादंबरीच्या दारातून आला नाही, दलित आत्मकथनांच्या दारातून आला. 'बलुतं' १९७८ चं, 'उपरा' १९८० चं. या पुस्तकांनी भीतीला नाव, गाव आणि जात दिली. पाणवठ्यावर जायची भीती, पाटलाची भीती, शाळेत नाव पुकारलं जायची भीती. त्यांना कुणी 'प्रेरणादायी' म्हटलं तर माझा त्याला आक्षेप आहे. ती धीर द्यायला लिहिलेली नव्हती, जाब विचारायला लिहिलेली होती.

याच काळात फलटणची एक बाई, बेबी कांबळे, दुकानात बसून लिहीत होती. दुकानात रद्दीचे जे कागद यायचे ते ती वाचायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायची. हे लिखाण तिने जवळजवळ वीस वर्षं घरातल्यांपासून, मुख्यतः नवऱ्यापासून, लपवून ठेवलं. तालुक्यात राहायला आलेल्या एका परदेशी अभ्यासक बाईंना त्याचा पत्ता लागला, मग ते एका स्त्रियांच्या मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. पुस्तकात ती वस्तीबद्दल बोलते, आंबेडकरांच्या हाकेने उठलेल्या माणसांबद्दल बोलते. स्वतःच्या नवऱ्याच्या माराबद्दल पुस्तकात जवळपास मौन आहे. ते तिने पुढे मुलाखतीत सांगितलं. धीर एका जागी एकवटतो आणि दुसऱ्या जागी तेवढाच कमी पडतो, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं मराठी उदाहरण मला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, आनंद यादवांची 'झोंबी' आली आणि खरा गुंता सुरू झाला. कागलचा शेतकऱ्याचा पोरगा, शाळा सुटलेली, बापाने औताला जुंपलेला. पोराला शिकायचंय, पण बापासमोर तोंड उघडायची हिंमत नाही. आई आणि पोरगा मिळून रात्री गावातल्या वजनदार देसाईंकडे जातात, सगळं सांगतात, आणि आम्ही येऊन गेलो हे दादांना, म्हणजे बापाला, कळू देऊ नका अशी गळ घालतात. मग बापाला बोलावणं जातं. पोरगा थोड्या वेळाने बापाला जेवायला बोलवायचं निमित्त करून तिथे पोचतो. मी विचारलं की न घाबरता मनातलं सांग, असं देसाईंनी आधीच बजावलेलं असतं. आणि पोरगा बोलतो. बाप नमतो, पण अटी घालून : सकाळी अकरापर्यंत रानात पाणी पाजायचं, मग शाळा, सुटल्यावर गुरं, रानात काम जास्त असलं की शाळेला सुट्टी.

हा प्रसंग मला मराठीतला धीराचा सर्वांत खरा प्रसंग वाटतो, आणि त्याचं कारण त्यातला खोटेपणा. पोराची भीती गेलेली नाही. ती तशीच ठेवून आईने आणि त्याने तिला वळसा घातला. लागणारा धीर त्याने उसना आणला, देसाईंच्या ओसरीवरून. शाळेत गेल्यावर तरी काय? आपल्याहून लहान पोरांत बसायचं, आणि त्यातला एक जण गमछा ओढून टिंगल करतो. मग आईच्या मागे लागून नवी टोपी आणि मळखाऊ रंगाच्या दोन नाडीच्या चड्ड्या मिळवायच्या. शाळेत चड्डी, रानात धोतर. धीर म्हणजे काय ते या चड्डीत जितकं कळतं तितकं कुठल्या भाषणात कळत नाही.

आता वाद. या पुस्तकाला कादंबरी म्हणायचं की आत्मचरित्र? नायकाचं नाव लेखकाचंच, गाव लेखकाचंच, आणि तरी पुस्तक वाचलं जातं कादंबरी म्हणून. 'आत्मचरित्रात्मक कादंबरी' हा शब्द तेव्हापासून समीक्षेत असा रुळला की कुणाला त्यातली अडचण दिसेनाशी झाली. १९९० चा दिल्लीच्या साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर वाद तर मिटलाच असं मानलं गेलं. प्रस्तावना लिहिणाऱ्या मराठीतल्या सर्वांत लाडक्या विनोदी लेखकाने 'बाल्य हरवलेलं बालकांड' म्हणून साहित्यप्रकाराचा प्रश्न टाळून थेट मर्मावर बोट ठेवलं.

पण हा प्रश्न टाळून चालत नाही. आत्मचरित्र म्हटलं तर बाप हा एक खरा माणूस ठरतो, त्याला उत्तर द्यायची संधी मिळालेली नाही, आणि मारहाणीचा प्रत्येक प्रसंग साक्ष ठरतो. कादंबरी म्हटलं तर प्रसंगांची मांडणी, गाळणी, रंगवणी लेखकाच्या मर्जीची. वाचकाने 'हे असंच घडलं' म्हणून छातीला कवटाळायचं काही कारण उरत नाही. वाचक मात्र दोन्ही हवं म्हणतो : घडलेलंही हवं आणि रंगलेलंही. धीर देणाऱ्या पुस्तकाची सगळी विक्री या दुहेरी मागणीवर चालते. नुसती कादंबरी असती तर 'पोरा, हा बघ कसा शिकला' असं म्हणून ती कुणी पोराच्या हातात दिली नसती.

'कादंबरी' या पाटीचा हा सोयीचा संदिग्धपणा वीसेक वर्षांनी त्याच लेखकाच्या अंगावर आला. तुकारामांवर त्याने कादंबरी लिहिली, संतांच्या तरुणपणाचं चित्रण वारकऱ्यांना लागलं. कादंबरी आहे, कल्पनेला मुभा असते, ही बाजू कुणी ऐकून घेतली नाही. लोकांनी ती चरित्र म्हणूनच वाचली. लेखकाने माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, आणि २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं निवडून आलेलं अध्यक्षपद सोडलं. ते संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. वारकऱ्यांचं दुखणं खोटं नव्हतं. झुंडीचा धाक मात्र समर्थनीय नव्हता. तरी 'कादंबरी' या पाटीने एका पुस्तकाला बळ दिलं आणि दुसऱ्याला वाचवलं नाही, हा योगायोग नव्हे. बापाच्या बाजूने कागलात कुणी मोर्चा काढणार नव्हतं.

नव्वदीनंतर चित्र भरभर बदललं. भाषांतरांची लाट आली. जपानी शाळकरी मुलीच्या आठवणींचं 'तोत्तोचान' हे त्यातलं सर्वांत निर्मळ पुस्तक : पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान शिडी लावून, ओढून-ढकलून झाडावर चढवते, आणि तिथेही धीर एकट्याचा नसतो. पण जास्त खपली ती दुसऱ्या घाटाची पुस्तकं. स्वप्नामागे वाळवंटात निघालेल्या मेंढपाळाची १९८८ ची ब्राझीलची कादंबरी मराठीत आली. तिच्यासारख्या पुस्तकांत भीती हा मनाचा आजार असतो, आणि तो ओळखला की बरा होतो. बाप नाही, पाटील नाही, भाकरीचा प्रश्न नाही. वाचायला छान वाटतं, हे कबूल. पण मराठी कादंबरीने नव्वद-शंभर वर्षांत भीतीला जो चेहरा मिळवून दिला होता तो या पुस्तकांनी हळूच पुसला.

त्यानंतरची गर्दी स्पर्धा परीक्षांची. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरापोरींच्या बॅगेत २०१६ पासून एका पोलीस अधिकाऱ्याचं 'मन में है विश्वास' दिसू लागलं. ते सरळसरळ आत्मकथन, पण त्याच्या मागोमाग 'संघर्षगाथा' नावाने जी पुस्तकं येत राहिली त्यांचा साचा ठरलेला आहे : खेडं, गरिबी, नापास, जिद्द, गाडीवरचा लाल दिवा. लाल दिवे २०१७ मध्ये गाड्यांवरून उतरवले गेले, मुखपृष्ठांवरून उतरायला वेळ लागला. या पुस्तकांत परीक्षेत शेवटपर्यंत अपयशीच राहिलेला नायक नसतो, आणि अभ्यासिकेत बहुसंख्या त्याचीच असते.

जुन्या पुस्तकांचं नवं आयुष्यही याच काळातलं. फास्टर फेणे २०१७ मध्ये मोठा होऊन पडद्यावर आला. 'श्यामची आई' २०२३ मध्ये पुन्हा चित्रपट झाला. 'झोंबी'चा एक तुकडा 'जूझ' नावाने बारावीच्या केंद्रीय हिंदी पाठ्यपुस्तकात गेला आणि मराठी येत नसलेल्या लाखो मुलांनी देसाईंकडची ती रात्र परीक्षेसाठी वाचली. त्या धड्यावर हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : आईने आणि मुलाने देसाईंकडे जाऊन खोटं रचलं नसतं तर पुढे काय झालं असतं? कादंबरी की आत्मचरित्र या वादात पडलेल्या समीक्षकांपेक्षा हा प्रश्न काढणारा मास्तर पुस्तकाच्या जास्त जवळ गेला, असं माझं मत आहे.