पर्ड्यू विद्यापीठ : नामवंत माजी विद्यार्थी व प्राध्यापक

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट येथे असलेले सरकारी विद्यापीठ. १८६२ च्या मॉरिल कायद्यानुसार संघ सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायला सांगितले. लाफायेटचे व्यापारी जॉन पर्ड्यू यांनी दीड लाख डॉलरची देणगी दिल्यावर १८६९ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. वर्ग १८७४ मध्ये भरू लागले. आज तेथे ५०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांसाठी निघालेल्या या संस्थेचा मूळ पिंड तिच्या नामवंतांच्या कामातही उतरला आहे.

सर्वांत जास्त गाजले ते अंतराळवीर. पंचविसाहून अधिक अंतराळवीर येथे शिकले. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग १९४७ मध्ये नौदलाच्या शिष्यवृत्तीवर आले, मध्येच कोरियाच्या युद्धात विमाने चालवून परतले आणि १९५५ मध्ये वैमानिकी अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून सर्वांत शेवटी निघालेले यूजीन सर्नन १९५६ चे विद्युत अभियंते. गस ग्रिसम आणि रॉजर चॅफी हेही इथलेच. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या चाचणीत यानाला आग लागून दोघांचाही मृत्यू झाला. आवारातील एकेका इमारतीला त्यांची नावे आहेत. २०२१ मध्ये अंतराळाच्या सीमेपर्यंत जाऊन आलेल्या, आंध्र प्रदेशात जन्मलेल्या सिरिशा बांडला याही पर्ड्यूच्याच पदवीधर.

प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३५ मध्ये विद्यार्थिनींच्या मार्गदर्शक आणि वैमानिकी विभागाच्या सल्लागार म्हणून रुजू झाल्या. जुलै १९३७ मध्ये त्या ज्या विमानासह पॅसिफिकवर बेपत्ता झाल्या, ते पर्ड्यूमार्फत उभ्या राहिलेल्या निधीतून घेतलेले होते. कामातील हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या लिलियन गिलब्रेथ यांनाही १९३५ मध्येच अभियांत्रिकीच्या प्राध्यापक नेमले गेले. स्त्रियांना अभियांत्रिकीच्या वर्गातही क्वचितच प्रवेश मिळे, त्या काळातली ही नेमणूक आहे.

चांद्रमोहिमांच्या झगमगाटात रसायनशास्त्र विभाग झाकला जातो, पण विद्यापीठाचे खरे वजन तिथे आहे. हर्बर्ट ब्राउन १९४७ मध्ये येथे आले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्यांचे भारतीय सहकारी बी. सी. सुब्बा राव एस्टरांवर (आम्ल व अल्कोहोल यांपासून बनणाऱ्या संयुगांवर) बोरोहायड्राइडची, म्हणजे बोरॉन व हायड्रोजन असलेल्या संयुगाची, क्रिया तपासत होते. नेहमीच्या एस्टरला हायड्राइडचे, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनचे, दोन भाग पुरत. एथिल ओलिएट या एस्टरने मात्र त्याहून जास्त खाल्ले. नमुना अशुद्ध असेल असे म्हणून हा आकडा सोडून देणे सोपे होते. ब्राउन यांनी सोडला नाही. शुद्ध नमुन्यावर प्रयोग पुन्हा केला, तरी तेच. ओलिएटच्या रेणूत कार्बनचा दुहेरी बंध असतो आणि बोरॉन थेट त्या बंधावर जाऊन बसत होता. ही अभिक्रिया हायड्रोबोरेशन म्हणून ओळखली जाते. आज रसायनशास्त्राचा कोणताही पदवी अभ्यासक्रम तिच्याशिवाय पुरा होत नाही. ब्राउन यांना १९७९ चे नोबेल विभागून मिळाले. त्यांच्या हाताखाली काम करून गेलेले अकिरा सुझुकी आणि इइची नेगिशी यांनी पुढे पॅलेडियमच्या साहाय्याने कार्बनचे अणू जोडण्याच्या पद्धती बसवल्या व २०१० च्या नोबेलमध्ये दोघेही वाटेकरी झाले. नेगिशी १९७९ पासून पर्ड्यूतच प्राध्यापक होते.

भौतिकशास्त्रात एडवर्ड पर्सेल (पदवी १९३३, नोबेल १९५२) यांचे नाव पहिले. एमआरआय यंत्राचा पाया असलेले अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांनी ठरावीक रेडिओलहरींना दिलेला प्रतिसाद) शोधणाऱ्यांपैकी ते एक. बेन मॉटेलसन (पदवी १९४७, नोबेल १९७५) हेही येथलेच. सेमूर बेंझर मुळात जर्मेनियम या अर्धवाहकावर काम करणारे, पण १९५० च्या दशकात त्यांनी विषाणूंवर प्रयोग करून जनुकाचीही आतून फोड करता येते हे याच आवारात दाखवले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला जवळचे वाटेल असे काम गेबिसा एजेटा यांचे आहे. इथिओपियातील गवताने शाकारलेल्या घरात ते वाढले, पर्ड्यूत पीएच.डी. झाले आणि १९८४ पासून तेथेच शिकवू लागले. त्यांचा विषय ज्वारी. ज्वारीच्या मुळांवर पोसणाऱ्या ज्या तणाला आपल्याकडे टारफुला म्हणतात, त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळच्या मुळांतून पाझरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली तरच रुजते. रोप जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. खुरपणीचा उपयोग तोकडा पडतो. एजेटा आणि सहकाऱ्यांनी हे रसायन फार कमी सोडणारे वाण हेरून त्यांचा गुण चांगल्या उत्पन्नाच्या ज्वारीत आणला. आफ्रिकेतील कोरडवाहू शेतकऱ्यांपर्यंत ते बियाणे पोहोचले. २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला.

मराठी वाचकांना पर्ड्यू माहीत असते ते बहुधा श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) यांच्यामुळे. उज्जैनला जन्म, ग्वाल्हेरला बालपण, मुंबईच्या विज्ञान संस्थेत पदवी आणि हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्याकडे पीएच.डी. असा त्यांचा प्रवास झाला. पृष्ठे जिथे स्वतःला छेदतात किंवा टोकदार होतात, असे बिंदू सोडवून पृष्ठ गुळगुळीत करता येते का, हा बैजिक भूमितीचा, म्हणजे समीकरणांनी ठरणाऱ्या आकारांच्या अभ्यासाचा, जुना प्रश्न. जिथे एखादी अविभाज्य संख्या शून्यच मानली जाते अशा संख्याक्षेत्रांवर तो फार चिवट होतो. पृष्ठांपुरते त्याचे उत्तर अभ्यंकरांनी विद्यार्थी असतानाच दिले. १९६३ पासून अखेरपर्यंत ते पर्ड्यूत होते. नव्या अमूर्त परिभाषेच्या लाटेतही शाळेतल्या बीजगणिताची हत्यारे त्यांनी टाकली नाहीत, आणि हा आग्रह ते व्याख्यानांतून ठासून मांडत. पुण्यात १९७६ मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेले एक अनुमान मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. गणितात ते अभ्यंकरांच्याच नावाने चालते.