धातूवरचा थर न खरवडता: वेव्हगाइड प्रोबची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या स्नॉर्कलवर (पाण्याखाली असताना हवा घेण्याच्या नळीवर) रडारशोषक आवरण चढले. पुढे लोहकण मिसळलेल्या रबराचे थर विमानांवरही आले. या थरांच्या गुणधर्मांची मोजणी मात्र प्रयोगशाळेतच राहिली: तुकडा कापायचा, वेव्हगाइडमध्ये (सूक्ष्मलहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीत) बसवायचा, परावर्तन आणि पारेषण टिपायचे. १९७० आणि १९७४ च्या दोन शोधनिबंधांनी त्यातून पर्मिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थाचा प्रतिसाद) आणि पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद) थेट काढण्याची सूत्रे दिली. जाडी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत आली की कमी ऱ्हासाच्या (लहरीची शक्ती कमी शोषणाऱ्या) नमुन्यांत ही सूत्रे कोलमडत. १९९० मध्ये त्यावर तोड निघाली. उरली ती नमुन्याची अडचण. ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झच्या वेव्हगाइडचे तोंड २२.८६ × १०.१६ मिलिमीटर असते. त्यात मऊ रबर घट्ट बसत नाही, आणि रुंद भिंतीलगत केसाएवढी फट राहिली तरी पर्मिटिव्हिटी कमी दिसते.

तोंडाला फ्लँज (सपाट धातूची कड) लावून वेव्हगाइड थरावर टेकवला तर कापाकापीच टळते; हाच वेव्हगाइड प्रोब. त्यामागचे गणित १९६० च्या दशकात अंतराळयानांच्या, प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) वेढलेल्या अँटेनांसाठी झाले होते. १९८०-९० च्या दशकांत काचतंतूंच्या कंपोझिटमधली जाडी आणि सुटलेले थर याच प्रोबने शोधले जाऊ लागले.

खरी गोम इथेच आहे. परावर्तनाचे वाचन एक आणि अज्ञात राशी दोन, म्हणून पर्मिएबिलिटी सरसकट १ धरली गेली. काचतंतूंसाठी ते बरोबरच होते. चुंबकीय शोषकासाठी ते साफ चूक आहे, आणि ही सोय तिथवर ओढली जाणे खटकते. पाठीशी धातू असला की पृष्ठभागालगत स्पर्शीय (पृष्ठभागाला समांतर) विद्युतक्षेत्र शून्याकडे जाते आणि चुंबकीय क्षेत्र प्रबळ राहते. त्यामुळे पातळ थराचे परावर्तन मुख्यतः पर्मिएबिलिटीच ठरवते. पर्मिटिव्हिटीचा ठसा पुसट असतो. म्हणजे जी राशी सर्वांत स्पष्ट दिसते, तीच आपण गृहीत धरून बसतो.

दुसरे वाचन आणायचे कुठून? दोन जाड्यांचे नमुने घ्यावेत, तर विमानावर थर एकाच जाडीचा असतो. शेजारच्या दोन वारंवारतांवर गुणधर्म सारखेच मानावेत, तर चुंबकीय शोषकांत ते वारंवारतेबरोबर बदलतात. थर आणि प्रोबमध्ये ओळखीचा पदार्थ ठेवावा, तर दोन वाचने इतकी जवळ येऊ शकतात की किरकोळ त्रुटीही उत्तरात फुगते.

शीट सुटी असेल तर दोन फ्लँजमध्ये धरून दोन्ही बाजूंनी मोजता येते. २००० च्या दशकाअखेरीस ही रचना पुढे आली. धातूला चिकटलेल्या थरासाठी २०१० नंतर दोन वाटा चाचपल्या गेल्या: तोंडापुढची आयरिस (तोंड अरुंद करणारी छिद्राची पट्टी) बदलून दोन वाचने घेणे, किंवा एकाच फ्लँजवर शेजारी-शेजारी दोन वेव्हगाइड बसवणे. दुसऱ्या वाटेत थराचा ऱ्हास जितका जास्त, तितका शेजारच्या तोंडापर्यंत पोचणारा संकेत क्षीण होतो. पहिलीत तो प्रश्न नाही, पण थराला प्रोब दोनदा तंतोतंत सारखाच टेकवावा लागतो.