भावानं सांगितलेला फ्लॅन ओब्रायन

डब्लिनच्या 'आयरिश टाइम्स'मध्ये 'क्रुइस्कीन लॉन' नावाचं सदर यायचं. त्यात एक बडबड्या इसम वरचेवर भेटे. बसची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसाला गाठायचं आणि आपल्या भावाचं पुराण लावायचं, हा त्याचा उद्योग. या भावाला जगातलं सगळं कळतं. तो स्वतः मात्र कधी समोर येत नाही. 1940 ते 1966 हे सदर 'माइल्स ना गोपालीन' या नावानं लिहिणारा ब्रायन ओनोलन म्हणजेच कादंबरीकार फ्लॅन ओब्रायन. 1966 साली तो गेला तोही 1 एप्रिलला. पुढे 1973 मध्ये त्याच्या खऱ्याखुऱ्या थोरल्या भावानं, किअरननं, त्याच्यावर आयरिश भाषेत छोटेखानी पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ 'भावाचं तरुणपण'. सदराच्या वाचकांना ही कोपरखळी समजावून सांगावी लागली नसणार.

किअरन जेमतेम वर्षभरानं मोठा, म्हणजे जवळजवळ बरोबरीचाच. तो सांगतो ते घर विलक्षण होतं. ब्रायनचा जन्म 1911 चा, टिरोन परगण्यातल्या स्ट्राबॅनचा. बारा भावंडांत तिसरा. वडील जकात खात्यात, त्यामुळे सतत बदल्या: ग्लासगो, डब्लिन, पुन्हा स्ट्राबॅन, मग टलमोर. घरात बोलायचं ते आयरिशमध्येच, हा वडिलांचा दंडक. इंग्रजी आली ती घराबाहेरून आणि पुस्तकांतून. आणि शाळा? 1923 मध्ये बिऱ्हाड डब्लिनला येईपर्यंत थोरल्या मुलांनी शाळेची पायरीच चढली नव्हती. मग एकदम सिंग स्ट्रीटची, ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाची शाळा.

हा धक्का ब्रायन विसरला नाही, असं मला वाटतं. 1941 च्या 'ॲन बेल बॉख्त' या आयरिश कादंबरीत शाळेचा पहिला दिवस आहे. पोरगा आपलं लांबलचक वंशपरंपरेचं नाव सांगू लागतो; मास्तर वल्ह्यानं त्याचं टाळकं सडकतो आणि ओरडतो, तुझं नाव जॅम्स ओडोनेल! पुढच्या पोराचंही तेच नाव, त्याच्या पुढच्याचंही. वर्गातलं एकही डोकं सुटत नाही. 'द हार्ड लाइफ'मध्ये (1961) तर सिंग स्ट्रीटचं नावच घेतलंय. तिथला चामडी पट्टा म्हणजे अनेक पट्टे एकावर एक शिवून केलेला जाड सोटा. हाताची हाडं मोडू नयेत इतपतच लवचीक. गंमत अशी, की ही कादंबरी सांगणारा धाकटा भाऊ आहे, आणि तो सांगतोय ते थोरल्या भावाचे उपद्व्याप. या थोरल्याचा धंदा काय, तर तारेवरून चालणं टपालानं शिकवणं!

दोघा भावांची जोडी पुढेही टिकली. 1934 मध्ये त्यांनी मित्रांबरोबर 'ब्लॅदर' हे थट्टेचं मासिक काढलं. ते काही महिन्यांतच बंद पडलं. किअरन पुढे आयरिश पत्रकारितेत रमला, 'इन्यू' हे नियतकालिक त्यानं वर्षानुवर्षं सांभाळलं. ब्रायन 1935 मध्ये सरकारी नोकरीत चिकटला. टोपणनावांमागे हौस होतीच, पण सरकारी नोकरानं स्वतःच्या नावानं लिहिण्याची अडचणही होती.

1937 मध्ये वडील अचानक गेले आणि घराचा मुख्य भार ब्रायनच्या पगारावर आला. दोन वर्षांनी 'ॲट स्विम-टू-बर्ड्स' ही त्याची पहिली कादंबरी छापून आली. प्रकाशकासाठी हस्तलिखित वाचून तिची शिफारस करणारा होता इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन. तरी 1940 मध्ये लंडनच्या बॉम्बहल्ल्यात प्रकाशकाचं गोदाम जळालं, तोवर खपल्या होत्या अडीचशेच्या आतच प्रती.

किअरनचं पुस्तक तरुणपणापुरतंच आहे. त्यानंतरचं दारूचं व्यसन, 1953 मध्ये सदरातल्या टवाळीपायी सोडावी लागलेली नोकरी, हे ज्याला वाचायचंय त्यानं दुसरीकडे जावं. धाकट्या भावांपैकी चित्रकार मीहॉल यानंही खूप उशिरा, 2011 मध्ये, ब्रायनवर पुस्तिका काढली. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांच्या आसपास होता. किअरनसाठी ब्रायन बरोबरीचा सवंगडी. मीहॉल वाढला तो त्याच्या पगारावर.